थोरल्या ऐनावर

त्या हिवाळ्यात आमच्या घरात मोठ्यानं बोलायचे ते फक्त बाबा, आणि तेही ओटीवरच्या घोंगडीवर पडल्या पडल्या. बाकी आम्ही तिघं, म्हणजे आय, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा सदू, चोरी केल्यासारखं घरात वावरायचो. भाकरी थापतानासुद्धा आयचा हात हळू पडायचा. नाचणीच्या भाकरीला खरं तर जोरात थाप लागते, नाहीतर ती कडेनं फाटते. त्या वर्षी आम्ही फाटक्या भाकऱ्या खाल्ल्या, कुळथाच्या पिठल्यात बुडवून, आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही. गोठ्यातल्या गाईंच्या गळ्यातल्या लाकडी घंटा मात्र वाजायच्या. पठारावर वारा असा सुटायचा की कौलं हलायची, आणि वारा पडला की खाली लांब आंबेनळी घाटाच्या वळणावर एसटीनं दिलेला हॉर्न ऐकू यायचा. तो ऐकला की सदू हातातलं काम थांबवायचा. त्याला ती एसटी धरून पळून जायचं असेल असं मला वाटायचं. पुढं कळलं, त्याच्या मनात पळून जायचं नव्हतं, त्याहून वाईट होतं.

आमची वाडी कुडपणच्या अंगाला, डोंगरावर. पंधरा-सोळा घरं, सगळी एकमेकांची भावकी. गुरं राखायची, उतारावर नाचणी-वरी करायची. आता ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं बियाणं पेरायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. भाजायला पालापाचोळा लागतो, म्हणून थंडीत झाडांवर चढून पानांसकट फांद्या तोडायच्या आणि वाळत घालायच्या. ही कवळतोडणी. ती पुरुषांची. बाईनं खाली उभं राहून फांद्या गोळा करायच्या, भारे बांधायचे, डोक्यावरनं आणायचे, पण झाडावर पाय ठेवायचा नाही. बाई चढली की झाड वाळतं म्हणायचे. मी लहानपणी माकडासारखी जांभळीवर चढायचे, पण शहाणी झाले त्या दिवशी आयनं सांगितलं, आता झाडं बंद.

आदल्या वर्षी थोरल्या ऐनावरनं बाबा पडले होते. थोरला ऐन म्हणजे वाडीच्या खालच्या टोकाला, कड्याच्या अंगावर उभं असलेलं ऐनाचं जुनं झाड. त्याच्या एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला नुसती दरी. बाबा शेताच्या बाजूला पडले म्हणून वाचले. खुबा मोडला. डोलीत घालून खाली पोलादपूरला नेलं, तिथनं महाडला, दोन महिन्यांनी परत आणलं ते काठीवर. झाडाखाली त्या वेळी सदू उभा होता. पंधरा वर्षांचा. पोलादपूरच्या वसतिगृहात राहून नववी करत होता, सुट्टीला म्हणून आलेला. बाबा त्याच्यापासनं दोन हातांवर येऊन पडले. तो आवाज कसा होता हे त्यानं मला एकदाच सांगितलं, मी ते लिहिणार नाही.

सदूची शाळा तिथंच थांबली. घरात पुरुष कोण, तर तो. त्याची पुस्तकं एका पोत्यात घालून त्यानं माळ्यावर टाकली, आणि ती मी हळूच उतरवली. मी चौथीपर्यंतच गेलेली, पुढची शाळा डोंगराखाली, मुलीला कोण पाठवणार. सदू चुलीपुढं बसून मला जोडाक्षरं सांगायचा आणि मी त्याचं पाणी भरायचं काम करायचे असा आमचा व्यवहार होता. आज मी हे चार शब्द लिहिते ते त्याच पोत्यातले.

आणि आता ज्यावरनं सगळं घडलं ती रीत. आमच्यात असं होतं, की ज्या झाडानं माणूस पाडला, त्या झाडाची पुढच्या वर्षीची पहिली फांदी त्याच घरातल्या पुरुषानं तोडायची. तोवर झाडाला कुणी हात लावायचा नाही. नुसतं झाड नव्हे, त्याच्या आसपासच्या आठ-दहा झाडांनाही नाही. म्हणजे सगळी वाडी खोळंबलेली. कशासाठी, तर म्हणे घरात भीती मुक्काम करू नये. रीत वाईट मनानं कुणी काढली नसेल. पडलेल्या माणसाच्या घरानं झाडाशी वैर धरू नये, पोरांचं मन मोडू नये, असंच काहीतरी असेल. पण मन मोडलेलं असेल तर काय करायचं हे त्या रीतीत सांगितलेलं नव्हतं.

पौष गेला, माघ लागला. सदू रोज कोयता कमरेच्या आकडीला अडकवून जायचा आणि तसाच परत यायचा. पहिल्या दिवशी म्हणाला पाय मुरगळला. मग ताप आला म्हणाला, आणि खरंच अंग तापलेलं असायचं. रात्री दात खायचा. जेवण जायचं नाही. मी एकदा मागोमाग गेले तर तो झाडाच्या बुंध्याला कपाळ टेकून उभा होता, दोन्ही हात सालीवर, आणि पायाखाली ओलं झालं होतं. मी तशीच मागं फिरले. त्याला कळू दिलं नाही. घरी येऊन आयला सांगितलं तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"कुनाला बोलू नुको. त्याला बाधा हाय म्हन."

ही आमची चूक. भीतीला आम्ही बाधा म्हटलं. वाडीत तसं सांगितलं, अंगारा लावला, लिंबू उतरवलं. बाधा झालेल्या पोराची कीव करतात, घाबरलेल्या पोराला हसतात, हे आयला ठाऊक होतं, म्हणून तिनं तसं केलं. पण सदूला त्यातनं काय कळलं, तर आपल्याला जे होतंय ते इतकं लाजिरवाणं की त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही.

बाबा तर त्याला बघितला की सुरू व्हायचे. "मी तुझ्याएवडा व्हतो तवा चार झाडं उतरवायचो दुपारच्या आत. तू काय करतोस? बायलीगत चुलीपाशी बसतोस." सदू ऐकून घ्यायचा. बाबा मारायचे नाहीत, हातही पोचायचा नाही त्यांचा. पण तो 'बायलीगत' शब्द ते असा फेकायचे की मला चुलीशी बसून लाज वाटायची, जणू मीच काहीतरी घाण होते.

वाडीचा कारभार धोंडूनानांच्या शब्दावर चालायचा. बाबांचे चुलतभाऊ, वयानं मोठे, पिळदार मिशा. माणूस वाईट नव्हे, पण रीतीपुढं माणूस न बघणारा. त्यांचा मुलगा विठ्या मुंबईत एका गोदामात होता, ते बंद पडलं म्हणून परत आलेला. स्वतःला काम नव्हतं, पण तोंड होतं. एका संध्याकाळी नाना आमच्या ओटीवर आले. आयनं ताक दिलं. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "लक्षुमन, उद्या-परवा फांदी पाडा. लोकांच्या कवळतोडनीचा टाइम चाललाय."

बाबांनी मान खाली घातली. "पाडंल."

मागं उभा विठ्या म्हणाला, "क्या रे सद्या, डर गया? साडी देऊ काय तुझ्या आक्काची?"

सदू हसला. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. तो हसला, आणि रात्री पोटभर जेवला. बऱ्याच दिवसांनी. आय मला डोळ्यांनी म्हणाली, बघ, आला ठिकाणावर. मीही तसंच समजले. आज कुणाच्या घरी असं पोर बरेच दिवस गप्प राहून एकदम शांत झालं, हसलं, की मी त्याच्या घरच्यांना सांगते, आज त्याला एकटं सोडू नका. तेव्हा कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झऱ्यावरनं हंडा घेऊन आले तर आय परातीपुढं बसलेली, पिठात हात, पण हात हलत नव्हते.

"सदू कुठं गेला गो?"

"झाडाकडं गेला आसंल. नाना बोलले ना काल."

"कोयता हितंच हाय."

मी बघितलं. खुंटीवर कोयता होता, आकडीसकट. शेजारच्या खुंटीवरचा दोर नव्हता. भारे बांधायचा, बाबांनीच वळलेला अंबाडीचा दोर. आम्ही दोघी त्या रिकाम्या खुंटीकडं बघत राहिलो. दोघींच्या मनात एकच आलं आणि दोघी ते बोलल्या नाहीत, कारण बोललं की खरं होईल. ओटीवरनं बाबांनी विचारलं, "काय झालं? काय हितंच हाय?" मी म्हटलं, "दोर न्यालाय. कोयता नाय न्याला." बाबांचा चेहरा मी तोवर एवढा पांढरा बघितला नव्हता, पडले त्या दिवशीसुद्धा नाही.

मी पळत सुटले. हंडा कुठं ठेवला आठवत नाही. पहिल्यांदा गोठ्यामागं बघितलं, तिथं वासे आहेत. मग विहिरीवर. मग वरच्या देवळामागच्या आंब्याकडं, कारण तिथं कुणी जात नाही. प्रत्येक ठिकाणी पोचायच्या आधी दहा पावलं मी डोळे मिटायचे आणि मग उघडायचे. थंडी होती तरी पाठीवरनं घाम चाललेला. पाखरं ओरडत होती, एका रानात कावळे जमले होते तिकडं बघायची हिंमत होईना, गेले तर मेलेला सरडा. थोरल्या ऐनाकडं मी शेवटी गेले. का शेवटी? मला वाटतं, तिथं तो असणार हे माहीत होतं म्हणूनच.

उतारावर आले आणि मला माणसांचं हसणं ऐकू आलं. चार-पाच पुरुष हसत होते. मला अजून आठवतं, मी तिथं मटकन खाली बसले आणि देवाला हात जोडले. मेलेल्याला कुणी हसत नाही. हसतात म्हणजे जिवंत आहे.

सदू वर होता. पार वर, दरीच्या बाजूच्या फांदीवर, खोडाला मिठी मारून, गाल सालीला चिकटवून. अंधारात कधीतरी चढला असणार. दव पडून त्याचा शर्ट ओला झाला होता. खाली धोंडूनाना, विठ्या आणि आणखी तिघं. "उतर की रे." "आरं कोयता इसरला, आता दातानं तोडतोस काय फांदी?" विठ्या टाळी वाजवून म्हणाला, "हीरो, नीचे आ." सदूच्या कानात काही जात नव्हतं. त्याचे पाय हलत होते, शिलाई मशीनच्या पट्ट्यासारखे, थांबत नव्हते.

"कुनीतरी चढा," मी म्हटलं.

नाना म्हणाले, "कोन चडनार? रीत हाय. त्याच्या घरातल्या पुरुषाबिगर हात लावायचा नाय झाडाला. त्यालाच उतरू दे. उतरंल." आवाजात राग नव्हता. त्यांनाही काळजी वाटायला लागली होती, मला दिसलं, पण रीत पायात होती.

मग मी परकर वर खोचला. कुणीतरी "येसे" म्हणून माझ्या नावानं ओरडलं. तोवर मी पहिल्या खाचेत पाय घातला होता.

लोक पुढं सांगायचे की येसूनं भावाला हुशारीनं उतरवलं, घाबरल्याचं सोंग केलं. तसं काही नव्हतं. चढताना मला काहीच वाटलं नाही. पाच वर्षांनी झाडावर पाय पडला होता, पायांना सगळं आठवत होतं. सदूच्या फांदीपाशी गेले, त्याच्या अंगाला अंग लावून बसले. शेजारच्या फांदीला दोराचा एक वेढा होता, गाठ मारलेली नव्हती. मी पहिल्यांदा तो दोर सोडवला आणि दरीत टाकून दिला. शहाणपणाचं काम नव्हतं ते, उतरायला उपयोगी पडला असता. पण त्या क्षणी तो नजरेसमोर नको होता.

हळू विचारलं, "कोयता का नाय आनलास?"

तो सालीत तोंड घालूनच म्हणाला, "त्यासाठी नव्हतो आलो." आणि थोड्यानं, "वर आलो आन वाटलं, नुको. मंग खाली बघितलं. आता खाली पन येत नाय, आक्का."

मी त्याच्याकडं बघायचं टाळलं आणि खाली बघितलं. तिथं चुकलं. खाली दरी होती. आंबेनळीचा रस्ता दोऱ्यासारखा, त्यावर एसटी काड्यापेटीएवढी, आणि मध्ये काहीच नाही. सदू आत्ता काय बोलला ते आणि ती दरी, दोन्ही एकदम माझ्यात शिरलं. हात फांदीला चिकटले ते सुटेनात. डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं. मी म्हटलं, "सद्या, मला पन भ्या वाटाया लागलं. मी पडनार."

तो मान वळवून माझ्याकडं बघायला लागला.

"खरंच?"

"खरंच रे. पाय नाय हालत."

खाली विठ्या काहीतरी बोलला, कुणी हसलं नाही. सदूनं एक हात खोडावरनं काढला. माझं मनगट धरलं. "खाली बगू नुको. माझ्याकडं बग. डावा पाय खाली सोड. आनखी. तितं गाठ हाय, ह्या हिवाळ्यात मी रोज बगितलीय खालनं, मला समदं झाड पाठ हाय." आणि खरंच, त्याला त्या झाडाची प्रत्येक गाठ पाठ होती. रोज तासन् तास त्यानं त्याच झाडाकडं बघितलं होतं. तो एक पाऊल सांगायचा, मी उतरायचे, मग तो उतरायचा. मधे एकदा तो थांबला, पाय पुन्हा लटलटायला लागले. मी म्हटलं, "आता मी सांगते, थांब, दम खा." असे आम्ही उतरलो, एकाला सुचेनासं झालं की दुसऱ्यानं सांगायचं. किती वेळ लागला कोण जाणे. उन्हं शेतात आली होती.

जमिनीवर पाय लागले तर समोर बाबा. घरापासनं तिथवर ते पडल्यापासनं आले नव्हते. काठी मोडली होती, उतार ते बसून, हातांवर घसरत आले होते, तळहात सोललेले. मागं आय. बाबांनी सदूचा घोटा धरला आणि सोडला नाही, तसाच धरून बसले.

धोंडूनानांनी वर झाडाकडं बघितलं. मग म्हणाले, "लक्षुमन, पोरगी चडली झाडावर. उद्या झाड वाळलं तर?"

"वाळलं तर दुसरं हाय. पोरगा दुसरा नाय."

"रीतीचं काय?"

बाबा सदूकडं न बघता बोलले, नानांकडंही नाही, मातीकडं बघून. "नाना, पडलो त्या दिशी सकाळधरनं माझं पाय लटलटत व्हतं. दरसाल लटलटायचं. कुनाला सांगनार? तुमाला सांगितलं आसतं तर तुमी काय म्हनला आसता?" विठ्या पायानं माती उकरत होता. पुढं बऱ्याच दिवसांनी तो आमच्या चुलीपुढं बसून बोलला, मुंबईचं काम सुटलं तेव्हा तो रेल्वेच्या पुलावर किती वेळ उभा होता ते. पण ते त्याचं, ते त्यानं लिहावं.

पहिली फांदी दुसऱ्या दिवशी मी तोडली. बाबांनीच कोयता माझ्या हातात दिला. नाना आले नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही. पुढची चार वर्षं, लग्न होईपर्यंत, आमच्या घरची कवळतोडणी माझ्याकडं आणि चूल सदूकडं. लोकांनी दोघांना नावं ठेवली, मला जरा कमी आणि त्याला फार. मुलगी पुरुषाचं काम करते म्हटलं की काहींना तरी कौतुक वाटतं. मुलगा बाईचं काम करतो म्हटलं की नुसतं हसू. हे मला तेव्हा कळलं, आणि अजून ते फारसं बदललेलं दिसत नाही. आमच्या बचत गटाच्या बायका मुलींच्या शाळेविषयी बोलतात, बोलायलाच पाहिजे, मीही बोलते. पण मग विचारते, घरातला पोरगा कसा आहे? तो तुमच्याशी बोलतो का? एकदोघी हसतात. एखादी मात्र घरी जाताना वाटेत मला थांबवते.

सदू आता महाडला असतो. स्वतःची लहानशी खानावळ आहे, हातची भाकरी अशी की कडेला एक चीर नाही. बायको आहे, मुलगी आहे. झाडावर त्यानं मला जे सांगितलं ते मी आयला कधी सांगितलं नाही, ती गेली तरी नाही. त्याला विचारूनच इथं लिहिते आहे. तो म्हणाला, लिही, पण ती भीती गेली असं लिहू नको. म्हणून लिहिते, ती गेलेली नाही. त्याचीही नाही, माझीही नाही. इतकी वर्षं मी त्याला विचारत आले आहे, पूर्वी चुलीपुढं, मग चिठ्ठीतनं, आता रोज सकाळी फोनवर.

"आज भ्या हाय का?"

बहुतेक दिवशी तो म्हणतो, नाय, कामात हाय, ठेव. कधी म्हणतो, हाय थोडं. मग मी विचारते, येऊ का? मागं भांड्यांचा आवाज येत असतो.

मग म्हणतो, "ये."